इंजिनिअर सुनेने बदललेले बुश

माझ्या सासऱ्यांची गाडी मी द्राक्षांच्या मळ्यात घातली, तेव्हा ती मी चालवत नव्हते. चालवत होते सासरे. मी शेजारच्या सीटवर चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. तरीही ती मीच घातली, याबद्दल आमच्या घरात आजतागायत दोन मतं नाहीत. माझंही तेच मत आहे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. लग्न करून मी पुण्याहून बंगलोरला, बसवनगुडीत आले. सासरचं घराणं मराठीच, पण तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरातल्या मराठीत कन्नड अगदी मुरलेलं. पहिल्याच दिवशी सासूबाई (त्यांना सगळे अक्का म्हणत) मला म्हणाल्या, "स्वल्प सरक गं, सार सांडेल." 'स्वल्प' म्हणजे थोडं, हे मला स्तोत्रांतून ठाऊक होतं, तो शब्द स्वयंपाकघरात भेटेल अशी कल्पना नव्हती. मी विचार करत उभी राहिले आणि सार सांडलं.

सासरे हाडांचे डॉक्टर, निवृत्त. घरात आणि गल्लीत ते अण्णा. मी मेकॅनिकल इंजिनिअर, एका कारखान्यात पंपांची ड्रॉइंगं काढायची. म्हणजे पंप कागदावर! पाना मी शेवटचा धरला होता तो कॉलेजच्या प्रात्यक्षिक परीक्षेत, आणि तोही परीक्षकांनी "उलटा धरलाय" असं सांगेपर्यंत. पण अण्णांना हे कोण सांगणार? घरी आलेल्या प्रत्येकाला ते आधी मला दाखवत. "ही आमची सून. इंजिनिअर!" मग पाहुणे माझ्याकडे असं बघत, की मी तिथल्या तिथे त्यांना एखादा पूल बांधून देईन. आणि मी मान खाली घालून हसायची. खोटं बोलायची ती माझी पहिली पायरी.

अण्णांचा जीव त्यांच्या गाडीत. हिरवी, उघडी, दोनच सीटांची, साठच्या दशकातली विलायती स्पोर्ट्स कार. एका कॉफीच्या मळ्याच्या इंग्रज मालकाचा मोडलेला पाय अण्णांनी जोडला होता. मायदेशी परतताना त्याने ती यांच्या हवाली केली. दरवर्षी जुन्या गाड्यांची एक फेरी निघायची, बंगलोरहून देवनहळ्ळीच्या किल्ल्यापर्यंत. अण्णांनी ती एकदाही चुकवली नव्हती. त्या वर्षी फेरीला तीन आठवडे उरले असताना गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. खड्डा आला की ठक्. ब्रेक मारला की ठक्. आणि बंगलोरच्या रस्त्यांवर या दोन गोष्टींखेरीज तिसरी काही घडतच नाही!

अण्णांनी यूसुफभाईंना बोलावलं. यूसुफभाई म्हणजे तीस वर्षं त्या गाडीला हात लावणारा एकमेव माणूस. त्यांनी जॅक लावला, एक छोटी पहार चाकामागच्या दांड्यात घालून हलवली, आणि अर्ध्या मिनिटात उठून म्हणाले, "साहब, बुशां गए सो हैं."

बुश म्हणजे लोखंडी सांध्यात बसवलेली रबराची जाड बांगडी. लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून. ती झिजली की सांधा खिळखिळा.

"म्हणजे संधिवात!" अण्णा म्हणाले. "मला वाटलंच. गुडघे असेच वाजतात."

तिथेच विषय संपायचा. पण अण्णा माझ्याकडे वळले. "माधवी, तुला काय वाटतं?"

मला काहीही वाटत नव्हतं! पण शेजारचे दोघे कुंपणावरून बघत होते, माझा नवरा श्रीकांत दारात उभा होता, आणि मी इंजिनिअर होते. मी पुढे झाले. गाडीचं नाक दोन्ही हातांनी दाबलं, सोडलं. गाडी हलली. (कुणीही दाबली असती तरी हलली असती.)

"शॉक अब्सॉर्बर," मी म्हणाले.

"नक्को अम्मा, वो अच्छे हैं. ये बुशांच है."

"यूसुफभाई, याला शास्त्र आहे. नुसतं पहारीने हलवून निदान होत नाही."

हे वाक्य मी उच्चारलं. आज लिहितानाही खोडून टाकावंसं वाटतंय, पण उच्चारलं. यूसुफभाईंनी पहार पुसली, पिशवीत ठेवली. "सरी अम्मा. तुमे पढ़े सो लोगां," बरं बाई, तुम्ही शिकलेली माणसं, एवढं म्हणाले, आणि अण्णांना सलाम करून गेले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग मी शास्त्र सुरू केलं. शॉक अब्सॉर्बरमधलं तेल बदललं. ठक्. चाकांच्या बेअरिंगना नवं ग्रीस भरलं. ठक्. डिकीतली हत्यारं काढून न्हाणीघरात ठेवली. ठक्! मग मला अक्कांच्या बांगड्यांचा संशय आला.

"अय्यो, माझ्या?" अक्का म्हणाल्या.

"फक्त शक्यता, अक्का. तेवढ्या काढून बसा बघू."

पस्तीस वर्षांच्या संसारात त्या बाईने पहिल्यांदा बांगड्या काढल्या. ठक्.

दुसऱ्या रविवारी मी श्रीकांतला मडगार्डवर पालथं झोपवलं, त्याच्या कानात अण्णांचा स्टेथोस्कोप घातला आणि अण्णांना गाडी पायी चालण्याच्या वेगाने गल्लीतून न्यायला सांगितली. मी बाजूने वही घेऊन धावत होते. देवळातून परतणारी मंडळी थांबली. एका आजोबांनी चौकशी केली, "डॉक्टर, मुलाला कुठे लागलं? आणि त्याला आत का नाही बसवलं?"

"काय ऐकू येतंय?" मी ओरडले.

"ठक्!" श्रीकांत ओरडला.

"कुठून?"

"यूसुफभाई म्हणाले तिथूनच!"

गाडी आत आणून मी शेवटी त्या सांध्यात टॉर्च मारला. रबराचा पार भुगा झाला होता. हे अर्ध्या मिनिटाचं काम मी दोन आठवड्यांत केलं होतं.

कोणत्याही शहाण्या माणसाने तेव्हा यूसुफभाईंकडे जाऊन पाय धरले असते. मी जे. सी. रोडवर, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन नवे बुश आणले. तिसऱ्या रविवारी गाडीचं नाक लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, जुनं रबर खरवडून काढलं, नवे बुश साबणाच्या पाण्याने ओले करून ठोकून बसवले. मग पान्याला हातभर पाइप जोडला आणि चाकं अधांतरी लोंबत असतानाच बोल्ट आवळले. असे आवळले, की दंडात गोळे आले! ठोकळे काढले तर गाडी पुढून चार बोटं उंच दिसायला लागली. उडी मारायच्या बेतातल्या बेडकासारखी.

"ही अशी का बसलीय?" अण्णांनी विचारलं.

"नवं रबर आहे, अण्णा. बसेल हळूहळू."

पण आवाज गेला! अण्णांनी गल्लीत तीन फेऱ्या मारल्या, डोळ्यांत पाणी आणून माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आत जाऊन थेट यूसुफभाईंना फोन लावला. "यूसुफ, सुनेने आजार बरा केला! थांब, तिलाच देतो."

रिसीव्हर माझ्या हातात आला. खरं बोलायला इतकी सोपी जागा पुन्हा मिळाली नसती. मी म्हणाले, "बऱ्याच गोष्टी होत्या, यूसुफभाई. जाता जाता बुशही बदलून टाकले."

जाता जाता!

त्यांनी एवढंच विचारलं, "अम्मा, बोल्टां आखिर में कसे ना? गाड़ी पैयों पे खड़ी करके?"

बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच का आवळायचे, हे मला कळलं नाही. "हो, हो," मी म्हणाले. "सगळं पुस्तकाप्रमाणे."

फेरीच्या सकाळी अक्कांनी आपली जागा मला दिली. "यंदा मान तुझा," म्हणाल्या, आणि चकल्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवून त्या श्रीकांतबरोबर मागच्या गाडीत बसल्या. त्यामागे, दरवर्षीसारखेच, यूसुफभाई स्कूटरवर हत्यारांची पेटी बांधून. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. एखादा मोठा सर्जन कंपाउंडरकडे बघून हलवतो तशी.

यलहंका मागे पडेपर्यंत गाडी गुमान चालली. मग डावीकडून कुरकुर सुरू झाली. मग चर्र. मग अण्णा स्टिअरिंगशी मारामारी करायला लागले.

"माधवी, ही डावीकडे ओढतेय गं!"

"नवं रबर आहे, अण्णा!"

"रबराला डावीकडे काय काम आहे?"

देवनहळ्ळीच्या अलीकडे पुढची बस मध्येच थांबली. अण्णांनी ब्रेक दाबला. आतून काहीतरी फाटल्याचा आवाज आला, गाडीने बसला नम्रपणे वळसा घातला, रस्ता सोडला, पाटाचं पाणी उडवत बांधावरून उतरली आणि द्राक्षांच्या दोन ओळींच्या मधोमध जाऊन थांबली. नाकावर वेली, आरशाला घड, माझ्या केसांत चकल्या. अण्णांची टोपी मांडवावर. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

मळ्याचा मालक लंगडत आला. आम्हाला बघून म्हणाला, "द्राक्षी बेकिद्रे केळबहुदित्तल्ला, सार!" द्राक्षं हवी होती तर मागायची होतीत की, साहेब!

एव्हाना सगळे पोचले. यूसुफभाई थेट गाडीखाली गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात फाटलेल्या रबराची बांगडी होती, धुणं पिळावं तशी पिळलेली. त्यांनी ती निरखली. मग माझ्याकडे बघितलं. त्या एका नजरेत त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं.

"काय झालं, यूसुफ?" अण्णांनी विचारलं.

"रबर खराब निकला, साहब," यूसुफभाई म्हणाले. "आजकल का मालच ऐसा आता."

आणि मी गप्प बसले.

त्यानंतर जे झालं ते मळ्यात घुसण्यापेक्षा वाईट होतं. सगळे माझं सांत्वन करायला लागले! अक्कांनी पदराने माझा चेहरा पुसला. "बिचारीने तीन रविवार घालवले, आणि दुकानदाराने असं केलं!" मळ्याच्या मालकिणीने मला परातभर द्राक्षं दिली. तिच्या नवऱ्याचा गुडघा अण्णा बांधावर बसून तपासत होते, मोडलेल्या वेलींच्या बदल्यात; तेही मध्येच मान वर करून म्हणाले, "मन खट्टू करून घेऊ नको. होतं असं." श्रीकांतने मुठी आवळल्या. "उद्या त्या दुकानात जातो आणि हे रबर त्याच्या तोंडावर मारतो!" मी द्राक्षं खात होते. यूसुफभाई पाठमोरे होऊन, गाडी ओढून न्यायला श्रीकांतच्या गाडीला दोर बांधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक खरंच निघाले. रबराचा पुरावा कागदात गुंडाळलेला. फाटकापर्यंत पोचले तेव्हा मी अनवाणी धावत गेले.

"रबर चांगलं होतं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मी बोल्ट चाकं लोंबत असताना आवळले. त्यामुळे रबर तसंच पकडलं गेलं, आणि गाडी खाली आली तेव्हा त्याला कायमचा पीळ बसला. काल रात्री पुस्तकात वाचलं. आधी वाचलं नव्हतं. यूसुफभाईंनी फोनवर हेच विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले." मग उरलेलंही बाहेर आलं. जाता जाता, शास्त्र, परीक्षेतला उलटा पाना, सगळं. श्रीकांत तोंड उघडं टाकून बघत होता. अण्णांनी पुडी माझ्या हातात दिली.

"सरी," ते म्हणाले. "मग दुकान नको. यूसुफकडे जा. एकटी जा."

लालबागेच्या मागची ती शेड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. यूसुफभाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग एक डबा उलटा करून मला बसायला दिला आणि चहा मागवला.

"काल तुम्ही खोटं का बोललात?" मी विचारलं.

"सबके सामने क्या बोलूँ, अम्मा? तीस साल में उस घर से गाड़ी के नीचे कोई घुसा नहीं. तुमे घुसे." त्यांनी बशीत चहा ओतला. "और पैली बार मैं भी ऐसाइच कसा था. मेरे उस्ताद आठ दिन बात नहीं किए."

चहा संपल्यावर ते माझ्याबरोबर घरी आले. नवे बुश बसले, गाडी चारही चाकांवर उभी राहिली, आणि त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "अब कसो." जमीन आणि गाडी यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा होती. मी तिच्यात पोटावर सरपटत शिरले आणि ते सांगतील तसे, ते सांगतील तेवढेच बोल्ट आवळले. बाहेर आले तेव्हा नाकापासून गुडघ्यापर्यंत काळी होते. गाडी मात्र कशी बसावी तशी बसली होती. तीच गाडी अण्णांनी पुढे कितीतरी वर्षं फिरवली.

घरात कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. मला वाटलं, सगळे विसरले. पुढच्याच आठवड्यात मी कारखान्यातून लवकर घरी आले, तर अक्का मागच्या दाराने चोरासारख्या निघाल्या होत्या. पदराखाली काहीतरी जड लपवलेलं.

"अक्का, काय आहे ते?"

"काही नाही गं," अक्का दचकून म्हणाल्या. "नारळ."

नारळाला वायर होती, तीन बटणं होती, आणि त्याच्या मोटारीचा जळका वास येत होता. अक्का मिक्सर घेऊन यूसुफभाईंकडे चालल्या होत्या.

मी दार उघडून धरलं.