केकवरचं नाव

बेकरीतला व्हॅनिलाचा वास आला की मला सुरतेतली आमची कोसाडची खोली आठवते. लग्न होऊन धुळ्याहून आलो, त्या वर्षी आधारकार्डावरची तारीख बघून मी गुपचूप बायकोच्या नावाचा केक आणला. तिने नाव वाचलं आणि तिला रडू कोसळलं. "हाई नाव मन्हं नही," ती म्हणाली. ते तिच्या वारलेल्या मोठ्या बहिणीचं होतं. शाळेत घालताना वडिलांनी हिला तिचाच जन्मदाखला लावला होता. माहेरचे हिला ज्या नावाने हाक मारायचे, ते मी लाडाचं समजत होतो. "मग तुझा वाढदिवस कधी?" "आईलेबी याद नही." आता मी तिला माहेरच्याच नावाने बोलावतो. पण चुकून कार्डावरचं नाव तोंडात आलं, तर ती अजूनही 'ओ' देते.