पांढऱ्या चादरींखालची नऊ झाडं

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण एप्रिलअखेरची ती सकाळ अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. विद्यार्थी म्हणून पुण्याहून न्यूझीलंडला आलो, पुढे इथल्याच पोलीस खात्यात भरती झालो. ख्राइस्टचर्चजवळच्या एका छोट्या गावच्या ठाण्यात मी सार्जंट होतो, तेव्हाची ही गोष्ट. नावं कोणाचीच देत नाही.

सुरुवात एका फोनने झाली. कुत्रा फिरवायला जाणाऱ्या एका बाईंनी कळवलं, की एका घराच्या मागे कुंपणालगत रोज संध्याकाळी पांढऱ्या चादरी पसरल्या जातात आणि सकाळी काढल्या जातात. खाली झाडं आहेत आणि त्यांचा वास ओळखीचा आहे. खबर आली की ती आधी नोंदवायची आणि मग पडताळायची, ही आमची रीत. मला ही खबर पोकळच वाटली. इथे एप्रिलअखेर म्हणजे हिवाळ्याचं तोंड. चोरून गांजा लावणारे गोठवणारं दंव पडायच्या आत झाडं काढून मोकळे होतात, आणि आमच्याकडे ते कधीच सुरू झालं होतं. तरी आमची एक कॉन्स्टेबल दोनदा तिकडून फिरून आली, आणि तोच वास तिलाही आला. तिच्या अहवालावर झडतीचं वॉरंट मिळालं.

सकाळी सातला आम्ही दार वाजवलं. सत्तरी ओलांडलेल्या घरमालकाने उघडलं. निवृत्त बस ड्रायव्हर, आजवर साधा दंडही नाही. मी वॉरंट वाचून दाखवलं.

"मागे आहेत," तो म्हणाला. "सगळी माझी. दुसऱ्या कोणाचा संबंध नाही."

न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की पोलिसाचे कान टवकारतात.

मागचं गवत गोठून पांढरं झालं होतं, पायाखाली कुरकुरत होतं. कॉन्स्टेबलने चादर उचलली आणि ती तशीच हातात धरून उभी राहिली. नऊ झाडं. कमरेएवढी, हिरवीगार, फुलांनी लगडलेली. एक पानसुद्धा करपलेलं नव्हतं.

"सार्ज," ती हळूच म्हणाली, "माझे टोमॅटो पंधरा दिवसांपूर्वीच गेले."

नोकरीत मी गांजाची कितीतरी झाडं उपटली होती. रानात दडवलेली, घाईने वाढवलेली. अशी निगा राखलेली कधी पाहिली नव्हती. गुन्ह्याचा मुद्देमाल समोर होता आणि मी हरखून पाहत होतो, हे कबूल करायला हवं.

मग मी वाकून नीट बघितलं. प्रत्येक फांदी काठीला कापडाच्या पट्टीने बांधलेली होती. मध्ये पीळ देऊन, खोडाला काच बसणार नाही अशी. ही गाठ मला माहीत होती. माझ्या मामाच्या द्राक्षबागेत ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, तारेला असेच बांधत. मी घरमालकाच्या हातांकडे पाहिलं. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, शर्टाचं वरचं बटणही तसंच उघडं.

एक सुटी पट्टी त्याला दिली. "एक गाठ बांधून दाखवा."

त्याने दोनदा प्रयत्न केला. पट्टी खाली पडली. "माझी बायको आजारी आहे," एवढंच तो म्हणाला.

"साहेब, त्यांना कशाला छळताय? गाठी माझ्या आहेत."

शुद्ध मराठी! कुंपणाच्या खिंडारात माकडटोपी घातलेले एक आजोबा झारी घेऊन उभे होते. माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव त्यांनी वाचलं असावं. त्यांच्या मागे नर्सच्या गणवेशात त्यांची मुलगी धावत आली. "बाबा, प्लीज, एक शब्द बोलू नका! तुमचा व्हिसा जाईल!"

मी त्यांना मराठीत सांगितलं, "काका, बोलायची सक्ती नाही. वकील घ्यायचा तुम्हाला हक्क आहे."

"मला वाचवायला हे खोटं बोलतायत ना? मग मला बोललंच पाहिजे."

ते निफाडकडचे द्राक्षबागायतदार. सहा महिन्यांसाठी मुलीकडे आले होते. शेजारच्या बाईंच्या, म्हणजे घरमालकाच्या बायकोच्या, मज्जातंतूंना असह्य वेदना होत, औषधं लागू पडत नव्हती. दुपारभर त्यांचं कण्हणं कुंपणापलीकडून ऐकू यायचं. फेब्रुवारी संपता संपता नवऱ्याने त्या वेदनांवर उतारा म्हणून कुठून तरी सुकत चाललेली रोपं आणली. हंगाम उलटलेला, त्याला धड लावताही येईनात. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. आजोबा खिंडारातून आत गेले आणि त्यांनी त्याच्या हातातलं खुरपं घेतलं.

"आणि या थंडीत जगवली कशी?"

"आमच्याकडे पारा उतरला की पहाटे बागेला पाणी देतात, शेकोट्या करतात. इथे शेकोटी कुठली करणार? म्हणून पाणी आणि चादरी."

मुलगी रडत होती. मला तिची दया आली आणि मी पोलिसाने कधी विचारू नये तो प्रश्न विचारला. "काका, झाड कशाचं आहे, हे तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

त्यांनी नुसतं 'नाही' म्हटलं असतं, तर त्यांच्यापुरतं प्रकरण तिथेच मिटलं असतं. हे त्यांनाही समजलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पहिल्याच दिवशी कळलं होतं. शेतकऱ्याला पान ओळखू येत नाही होय?"

परका देश, परक्याची बायको, पणाला लागलेला व्हिसा. इतकं सगळं समोर असताना हा माणूस एका शब्दाचं खोटं बोलायला तयार नव्हता.

झाडं मोजली, फोटो काढले, उपटून पिशव्या सील केल्या. उपटताना आजोबांनी पाठ फिरवली. मी त्यांच्याच भाषेचा असल्यामुळे मी स्वतः जबाब घेणं योग्य नव्हतं. ठाण्यात अधिकृत दुभाष्यासमोर तो नोंदवला गेला, आणि तिथेही ते अक्षरशः तेच बोलले. माझा तो प्रश्नही मी अहवालात लिहिला. वरिष्ठांनी त्याबद्दल मला सुनावलं, ते रास्तच होतं.

निर्णयाला तीन आठवडे लागले. विक्रीचा मागमूस नव्हता, त्यामुळे दोघांनाही लेखी ताकीद देऊन प्रकरण बंद झालं. आजोबा ठरल्या तारखेला, व्हिशाला धक्का न लागता परत गेले. मुलीने शेजारणीसाठी हॉस्पिटलमध्ये पाठपुरावा केला. वेदनांच्या तज्ज्ञांनी रीतसर औषध लिहून दिलं. बाई बऱ्या झाल्या नाहीत, पण त्यांना दुपारी झोप लागू लागली.

पुढे नव्या पोरांना शिकवताना मी बजावत असे, की उत्तर हातात देणारा प्रश्न संशयिताला विचारू नका. पुराव्याची बाजू कच्ची होते म्हणून, असं कारण सांगायचो. ते खरंच आहे. पण मला ते शिकवलं त्या आजोबांनी. मी दयेपोटी त्यांच्यासमोर खोटं बोलायची वाट उघडी करून ठेवली होती, आणि ते त्या वाटेने गेले नाहीत. त्या अंगणात कायद्याचा गणवेश माझ्या अंगावर होता. मान मात्र माझीच खाली गेली होती.