कबऱ्या झाडाची हिरवी फांदी

परतूरच्या स्टेशनात त्या दिवशी माझ्या मांडीवर दोन कुंड्या होत्या आणि बाईसाहेबांच्या मांडीवर त्यांचं कुत्रं. कुत्र्याला फर्स्ट क्लासात जागा होती. मी कुंड्या घेऊन थर्डच्या डब्यात, दाराजवळ, कुणाच्या तरी ट्रंकेला टेकून बसले होते. सकाळी मायनं मला अंघोळ घालायला पाणी शोधलं. मिळालं नाही, तेव्हा पदराचं टोक ओलं करून माझं तोंड तेवढं पुसलं. पोरगी पुण्याला चाललीय आणि तीही पारोशी, याची तिला फार लाज वाटत होती. बा फलाटावर आला नाही. तो बाहेर टांग्यांपाशी उभा राहिला, कारण फलाटावर गावातली माणसं होती आणि ती त्याला चोर म्हणायला लागली होती.

गाडी हलली तेव्हा माय एवढंच म्हणाली, "कुंड्या फुटू देऊ नको, माय." नीट राहा म्हणाली नाही, लवकर ये म्हणाली नाही. कुंडी फुटली तर बाईसाहेब बिथरतील आणि बाला चौकीत नेतील, ही तिची धास्ती. मला मात्र वाटलं, हिला माझ्यापेक्षा कुंड्या जास्त. मनमाडला गाडी बदलेपर्यंत मी तिच्यावर रुसून बसले होते.

वस्तीतल्या लोकांनो, जे अजून तिथंच आहात आणि जे माझ्यासारखे पोटासाठी पांगलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. तुम्हाला यातलं सगळं ठाऊक आहे. तुमच्या सुनांना आणि नातवंडांना ठाऊक नाही, म्हणून मुळापासून सांगते.

माझा बा सरकारी बंगल्यावर माळी होता. साहेब पुण्याकडचे. बाईसाहेबांनी येताना पुण्याहून ड्युरांटाची रोपं आणली होती. बोटाच्या पेराएवढं पान, मध्ये हिरवं आणि कडेला सायीसारखं पांढरं. बा त्याला कबरं झाड म्हणायचा. बाईसाहेबांनीच त्याला ते शिकवलं. पावसाळ्यात कोवळ्या काड्या तोडून वाळूत खोचायच्या. बी लावायचं नाही, कारण बियाच्या रोपाला पांढरी कड येईलच असं नाही. शेंडे सारखे खुडत राहायचे, म्हणजे झाड उंच न होता अंगानं भरतं. आणि मधूनच सगळी पानं हिरवी असलेली फांदी निघाली, तर ती बुडापासून छाटायची. बानं बंगल्याभोवती कमरेएवढं कुंपण उभं केलं, वरून असं सपाट की त्यावर ताट ठेवावं. येणारे-जाणारे थांबून बघायचे आणि बाईसाहेब व्हरांड्यातून त्या बघणाऱ्यांना बघायच्या.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर तळाला गेली. आपण बौद्ध होऊन पुष्कळ वर्षं झाली होती. घरातल्या भिंतीवरची तसबीर बदलली होती, गावच्या आडावरचा कायदा बदलला नव्हता. तिथं आपली घागर चालत नव्हती. वरून कुणी ओतलं तर ओतलं, नाहीतर ऊन खात उभं राहायचं. बंगल्याच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. बाईसाहेब मुलांना घेऊन माहेरी पुण्याला गेल्या आणि जाताना बाला बजावून गेल्या, कुंपणाला रोज पाणी दे, एक पान सुकता कामा नये. साहेब दुष्काळी कामांवर गावोगाव फिरत होते.

बानं ते पाणी कुंपणावरून तुम्हाला दिलं. अलीकडून तो शेंदायचा आणि पलीकडे तुमच्या घागरींची रांग. कुंपणाला त्यानं भांडी धुतलेलं पाणी घातलं, जगेल एवढंच. पांढऱ्या कडा आधी करपल्या. मग कबरी पानं गळाली. शेवटी बुडातून नुसत्या हिरव्या फांद्या आल्या, कारण त्याच चिवट असतात. त्या छाटायच्या, हे बाला पक्कं माहीत होतं. माय त्याला म्हणालीसुद्धा, "काढून टाका, बाई येईल आन बोंबलंल." बा कात्री घेऊन गेला आणि तसाच परत आला. म्हणाला, "साऱ्या तालुक्यात हिरवं काय उरलंय? आन जे उरलंय ते म्या तोडू?"

दुष्काळात हिरव्या फांदीला कात्री लावणं आपल्या माणसाला जमत नाही. त्याची चूक एवढीच.

मृगाच्या आधी बाईसाहेब परतल्या. सामानही उतरवू दिलं नाही, आधी कुंपणाभोवती फिरल्या. म्हणाल्या, "ही माझी झाडं नाहीत. माझी विकलीस आणि ही रानटी आणून लावलीस." बा हात जोडून सांगत राहिला की मुळं तीच आहेत, उकरून बघा. त्यांनी उकरलं नाही. वस्तीतल्या माणसांना बोलावून विचारलं, यानं झाडं कुणाला दिली? तुम्ही खाली मान घालून उभे होतात. एकजण म्हणाला, "आम्हाला कायबी म्हाईत न्हाई बाईसाहेब." बाकीच्यांनी मान हलवली. त्याच सकाळी त्याच्या घरातला रांजण बानं भरला होता.

साहेबांच्या पुण्याला बदलीचा हुकूम आलाच होता. बाईसाहेबांनी तोडगा काढला. चौकीत नाव देणार नाही. पोरगी द्या माझ्याबरोबर, घरातलं करेल, कुंड्यांना पाणी घालेल. मला कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी त्या गाडीत होते.

पुण्याच्या घरात शिरल्या शिरल्या त्या नाकाला पदर लावून म्हणाल्या, "आधी अंघोळ कर." मोरीत नळ सोडला आणि बादली भरून वर सांडायला लागली. मी आधी त्या बादलीला तोंड लावून प्याले, पोट दुखेस्तोवर प्याले. मग सांडणारं पाणी हातानं परत बादलीत लोटायला लागले. बाईसाहेब दारात उभ्या राहून हसत होत्या. शेजारणीला बोलावून त्यांनी ती गंमत दाखवली.

टेरेसवर कुंड्याच कुंड्या होत्या. काड्यांचं कटिंग, सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, शेणखत, पानांचा कुजलेला चुरा, सगळं मी तिथं शिकले. कुंडीतली माती वरून सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. आठवड्याला कुंडी थोडी फिरवायची, म्हणजे झाड एका अंगाला झुकत नाही. हात चालायचे तेवढा वेळ बरं वाटायचं. पुढच्या पावसाळ्यात एका कुंडीत नुसती हिरवी फांदी निघाली. बाईसाहेबांनी वेताच्या खुर्चीतूनच सांगितलं, "काप ती. फार जोमाची असते. ठेवलीस तर सगळं झाड हिरवं होईल."

मी म्हणाले, "मंग परतूरलाबी तसंच झाल्तं."

"मग मला काय कळत नव्हतं?" त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "माझं पाणी लोकांना वाटलं त्यानं. त्यावरून बोलले असते तर गावानं मलाच नावं ठेवली असती. झाडांवरून बोललं की कुणी काही म्हणत नाही. कापलीस का?"

कापली. मग सिकेटर हातात आहे याचीच भीती वाटली, म्हणून ते लांब नेऊन ठेवलं. त्या बाईला मी आजवर माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. देव, धर्म, वय, काही मध्ये आणू नका.

त्या दिवाळीला बा मला बघायला आला. मागच्या दारानं आला, जिन्यात बसला. मी सगळं त्याच्यापुढे ओकले. तो म्हणाला, "म्हाईत हाय मला. तिला बराबर समजल्तं, तिच्या तोंडावरच दिसल्तं."

"मंग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर पाणी नेणाऱ्या बायांची नावं द्यावी लागली असती. चौकीत त्यांना उभं केलं असतं." मग म्हणाला, "आन तुला नळाचं पाणी मिळून राह्यलं ना आता?"

म्हणजे चोर हे नाव त्यानं मुकाट्यानं घेतलं, तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी. मला एकीकडे त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि दुसरीकडे ओरडावंसं वाटलं की मला पाणी नको होतं, तू हवा होतास. यातलं काहीच केलं नाही. वरून बाईसाहेबांची हाक आली आणि मी गेले.

दशक सरायच्या आत बा गेला. तोपर्यंत माझं एका नर्सरीवाल्याशी लग्न झालं होतं. मी मातीला पोचले नाही, तिसऱ्या दिवशी पोचले. दारात तुमच्यापैकीच एक बसली होती, त्या रांगेत रोज पहिली असायची ती. नव्या सुनेला ती हळूच सांगत होती, "बंगल्याची झाडं विकल्ती ना, त्याची ही पोरगी." मी ऐकलं हे तिनं पाहिलं आणि डोळ्याला पदर लावला. माय आत होती, तिनंही ऐकलं. ती काही बोलली नाही, कारण तिला तिथंच राहायचं होतं.

आता तुमचा फोन आला. विहाराभोवती कुंपण करायचंय, तुमच्या नर्सरीतली पांढऱ्या कडेची झाडं द्या म्हणालात. गावची लेक आहात म्हणालात. फोन ठेवल्यावर मी आधी खूप हसले आणि मग तोंड धुवायला गेले.

झाडं देते. चांगली भरलेली देते, फुकट देते. लावायच्या दिवशी स्वतः टेम्पो घेऊन येते. त्या रांगेतल्या ज्या बाया हयात आहेत त्यांना पुढे बसवा. त्यांच्यातल्या एकीनं उभं राहून सुना-नातवंडांसमोर सांगायचं, त्या उन्हाळ्यात आपण कुणाच्या हातचं पाणी प्यालो आणि मग काय केलं. कुणी उठलं नाही, तर टेम्पो भरलेला परत नेईन आणि वाटेत मागे बघणार नाही.

पुण्यात माझं घर आहे, मुलं आहेत, दारात नळ आहे. तिथं मला कुणी चोराची पोरगी म्हणत नाही, कारण तिथं माझ्या बाला कुणी ओळखतच नाही. त्याचं नाव अजून फक्त परतूरात घेतात, तेही असं. म्हणून माझं गाव अजून तेच आहे. तुम्ही एकदा खरं बोला, म्हणजे मी सुटेन आणि खुशाल पुण्याची होईन.