भुसाशेठचे ठोकळे

लाकडाच्या वखारीत उभं आयुष्य करवत चालवलेल्या त्या माणसाला सगळे भुसाशेठ म्हणायचे. आधी त्यात निव्वळ थट्टा होती. करवतीखालचा भुसा मागच्या ओढ्यात ढकलायचा, नाहीतर पेटवून द्यायचा, ही तिथली रीत. धुराने अख्ख्या गल्लीचे डोळे चुरचुरायचे. ह्या गड्याला ते बघवेना. त्याने रद्दी भिजवून लगदा केला, बेकरीवाल्याकडच्या किडक्या मैद्याची खळ शिजवली, भुशात कालवली आणि ट्रकच्या जुन्या जॅकखाली दाबून ठोकळे पाडले. पहिल्या ठोकळ्यांचा हातातच भुगा झाला.

बायको म्हणाली, "घरातली कणीकही घाला त्यात. उद्यापासून आपण भुसाच खाऊ."

दोन वर्षं हेच. उन्हात ठेवले की ठोकळे तडकायचे. सावलीत, उलटसुलट करत वाळवायचे, हे फार उशिरा उमगलं. पण उमगलं आणि बेकरीची भट्टी त्यांच्यावर पेटली, मग लॉन्ड्रीचा बॉयलर. ओढ्याचं पाणी पुन्हा दिसायला लागलं.

वखारवाला त्याचा शाळेपासूनचा दोस्त. मागची शेड त्यानेच दिली होती. "अरे, तुझं-माझं काय वेगळं आहे?" असं म्हणून. एक दिवस तो जावयाला घेऊन आला. "ह्याला जरा शिकव. घरी माशा मारत बसलाय."

भुसाशेठने शिकवलं. खळ किती दाट हवी, ते बोट बुडवून दाखवलं. जॅक कुठे थांबवायचा, ते जावयाचा हात हातात धरून. काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. जावई 'मामा, मामा' करत सगळं वहीत उतरवून घेत होता. त्याचं अक्षर किती सुबक, याचंही भुसाशेठने घरी कौतुक केलं.

मग सरकारी कचेरीने टाकाऊतून रोजगाराचं प्रदर्शन भरवलं. बेकरीवाल्याकडून कळलं, तसा भुसाशेठ इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मंचावर ठोकळे मांडलेले होते. जावई माइकवर सांगत होता, "बरेच प्रयोग केले, तेव्हा मला ही कल्पना सुचली." पहिल्या रांगेत वखारवाला टाळ्या वाजवत होता. मागे वळला, तेव्हा नजरानजर झाली. त्याने हातातला कार्यक्रमाचा कागद वाचायला घेतला.

दुसऱ्या दिवशी शेडला नवं कुलूप.

"शेड माझी, भुसाही माझ्याच लाकडाचा," वखारवाला म्हणाला. "तू करवतीवर ये की. तुला कुठे कोणी काढलंय?"

"आणि डोकं कोणाचं होतं?"

"डोक्याचा कागद आहे का तुझ्याकडे?"

जॅक तेवढा भुसाशेठचा होता. तो हातगाडीवर घालून घरी आला आणि आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बायकोने एकही टोमणा मारला नाही. ह्याचीच त्याला जास्त धास्ती वाटली.

नवव्या दिवशी उठला. म्हणाला, "एकाने चोरलं, तर आता सगळ्यांना वाटून टाकतो." आसपासच्या गावांतून हातगाडी फिरली. कुठे शेंगांची टरफलं, कुठे पालापाचोळा, कुठे सुतारांचा भुसा; जिथे जे उकिरड्यावर जात होतं, त्याचे ठोकळे पाडून दाखवले. तीन वर्षांत अकरा ठिकाणी शेडी उभ्या राहिल्या. बहुतेक बायकाच चालवतात. ज्या घरांतली माणसं कामासाठी परगावी जायची, त्यातली काही परत आली. आता भुसाशेठ म्हणताना कोणी हसत नाही.

जावयाचा कारखानाही झकास चालला आहे. देवाघरी न्याय वगैरे काही झाला नाही.

मागच्या महिन्यात वखारवाल्याला हॉस्पिटलात ठेवल्याचं कळलं. बायको म्हणाली, "जाऊन या. माणूस आजारी आहे." भुसाशेठ गेला. फाटकासमोरच्या कठड्यावर तासभर बसला आणि तसाच परत आला.

"भेटलात?"

"नाही."

"अजून राग आहे?"

"राग कधीच गेला," तो चपला काढत म्हणाला. "मला बघून त्याने मान खाली घातली असती. ते मला बघवलं नसतं. आणि नसती घातली, तर तेही."