पुसणीचा कागद

कुंदनला आपलं काम कोणाला समजावून सांगायचा कंटाळा होता. साक्रीकडे गावात कोणी विचारलं की तो म्हणायचा, "दीपनगरला आहे," आणि लोक समजायचे, पोरगा वीज तयार करतो. वीज तयार करणारे वेगळे. कुंदन होता एका खाजगी कंपनीत, तिथल्या वीजकेंद्रातल्या जाड पाइपांचे सांधे किरणांनी तपासणाऱ्या. किरण टाकणारी गोळी तांदळाच्या दाण्याएवढी, वजनदार धातूच्या पेटीत बंद. तिचा जोर ओसरला की पेटी खोक्यात घालून मुंबईला परत जायची. खोकं फाटकाबाहेर पडण्याआधी ते बाहेरून स्वच्छ आहे ना, एवढं बघणं कुंदनकडे. प्रत्येक बाजूवर एक गोल कागद दाबून फिरवायचा आणि तो मोजणीच्या यंत्राखाली धरायचा. आतलं काही बाहेर आलं असेल तर कागदावर येतंच. पण इतक्या वर्षांत कधी काही आलं नव्हतं. त्यामुळे लोक चेष्टा करायचे, "कुंदनराव, जाता जाता आमची मोटरसायकल पण पुसा." तोही हसायचा.

घरी मात्र हसण्यासारखं फार उरलं नव्हतं. त्याची आई प्रमिलाबाई थायरॉइडच्या उपचारासाठी गावाहून आल्या होत्या. जळगावच्या डॉक्टरांनी किरणोत्सर्गी आयोडीन प्यायला दिलं आणि बजावलं, काही दिवस वेगळ्या खोलीत राहा, भांडी वेगळी ठेवा, कोणाला जवळ घेऊ नका. औषध घामातून, थुंकीतून बाहेर येत राहतं. घरात कुंदनची बायको दिपमाला, सातव्या महिन्यातली. घर भाड्याचं, खोल्या दोन. मागची प्रमिलाबाईंना दिली. आपणही त्या दाराच्या आत पाऊल टाकणार नाही, असं कुंदनने बायकोच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

आईला त्याने एवढंच सांगितलं, "डॉक्टरनी सांगितलंय." पोटातल्या बाळाला धोका आहे, हे सांगायला त्याची जीभ उचलली नाही. सुनेच्या बाळंतपणासाठी वर्षभर नवस बोलत असलेल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? प्रमिलाबाईंनी आपला अर्थ काढला. बाईला महिन्याचं बाजूला बसवतात, तसलंच काही शहरातलं असेल. पण म्हातारपणी?

"माले कोंडी दिधं रे," त्या दाराआडून म्हणायच्या. "मी काय मडं शे का? ताट सरकाडी देतस नि चालना जातस."

मग ताट भरलेलंच परत यायला लागलं. आयुष्यभर वावरात राबलेली ती धडधाकट बाई, पण बघता बघता तिचा आवाज खोल गेला. एका सकाळी दिपमाला आंघोळीला गेली तसा कुंदन आत शिरला आणि आईजवळ बसला. प्रमिलाबाईंनी भाकरीचा पहिला घास त्याच्या तोंडात घातला, दुसरा स्वतः खाल्ला. ताट संपलं. मग पदराचं टोक जिभेवर ओलं करून त्यांनी त्याच्या ओठाला लागलेली चटणी पुसली. चाळिशीतल्या पोराला असं पुसायला त्यांना काही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यालाही बरं वाटलं.

त्यानंतर रोज सकाळी तेच. कुंदनला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या कोणी केलं असतं तर यानेच त्याची शाळा घेतली असती. पण माणूस आपल्या घरात शिरला की त्याचे नियम लगेच सैल होतात. थोडंसंच असेल, असं तो मनाशी म्हणायचा आणि बायकोच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचा.

त्याच दिवसांत, भर मे महिन्यात, एक खोकं मुंबईला जायचं होतं. गाडी हिलालभाऊंची, खोकं तपासणीसाठी त्यांनीच उचलून आत आणून ठेवलं होतं. कुंदनने हातमोजे चढवले, तोंडावरचा घाम त्याच हातांनी पुसला आणि कागद फिरवायला घेतला. कागद यंत्राखाली धरला तर यंत्र कडकडलं. दुसऱ्या बाजूचा कागद धरला, तोही तसाच. त्याने कामाचे प्रमुख प्रेमराज पाटील यांना फोन लावला, आणि पुढे जे व्हायचं ते सुरू झालं.

फाटक बंद झालं. गोळी फुटली, असं सगळ्यांनी धरून टाकलं. हिलालभाऊंना आवारात एका खुर्चीवर बसवलं आणि कशाला हात लावू नका म्हणून सांगितलं. चहा आला, तो त्यांच्यापासून लांब जमिनीवर ठेवून पोरगा पळाला.

"तूच कुठे आपटलं असशील," पाटील लांबूनच ओरडले.

"नाही साहेब. पोरांची शपथ." हिलालभाऊ आपल्या तळव्यांकडे बघत होते. "कुंदनभाऊ, मी आता घरी जाऊ का नको? लहान पोरं आहेत माझी."

कुंदनला त्या चहाच्या कपाकडे बघवेना. तो आत गेला. आईचा सकाळचा ओला पदर त्याला आठवला. हातमोजे काढले, यंत्र स्वतःच्या तोंडाजवळ धरलं. ते कागदांपेक्षाही जोरात कडकडलं.

सुटायला वाट होती. तोंड धुवायचं, खोकं पुसायचं, नवे कागद दाखवायचे आणि यंत्र बिघडलं होतं म्हणायचं. पण हिलालभाऊंच्या मनातली भीती त्याने निघाली नसती. तो माणूस महिनोन् महिने पोरांना जवळ घ्यायला घाबरला असता. आणि खरं बोलावं तर मोडलेली शपथ दिपमालाला कळणार, आईचं दार पुन्हा बंद होणार. कुंदन दाराला टेकून उभा राहिला. कुठेही गेलं तरी कोणाला तरी आपणच कोंडणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं आणि त्याला रडू येत होतं.

त्याने पाटलांना सांगितलं.

पाटलांनी शिव्या दिल्या, मग त्याला धुऊन काढलं, मोजलं. धोका व्हावा इतकं काही नव्हतं. खोकं दुसऱ्याने पुसलं, तपासलं, स्वच्छ निघालं. हिलालभाऊंनी तळवे दोनदा धुतले आणि ते गाडीत चढले. कुंदनला पाटलांनी काही दिवस कंपनीच्या खोलीत राहायला सांगितलं.

फोनवर दिपमालाने सगळं ऐकून घेतलं. "माझ्या डोक्यावर हात ठेवला होता तुम्ही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी कशासाठी सांगितलं होतं? आपल्या बाळासाठीच ना?"

दार पातळ होतं. मागच्या खोलीतून प्रमिलाबाईंचा आवाज आला.

"पोटमधला पोरले लागी जाई, हाई माले का सांगं नही तू, कुंदन? उपाशी मरी जाती, पन तुले हात लावती नही."

मग आतून कडी लागल्याचा आवाज त्याला फोनवरही ऐकू आला.

डॉक्टरांनी ठरवलेले दिवस संपले. जळगावला तपासणी झाली, आता काही नाही म्हणाले. कडी निघाली. मुलगी झाली, गोरीगोमटी, आणि दिपमालाचा राग हळूहळू उतरला. प्रमिलाबाई स्वयंपाक करायच्या, धुणं धुवायच्या. फक्त बाळ रडलं की भिंतीशी जाऊन उभ्या राहायच्या. बाळाचे कपडेसुद्धा त्या काठीने उचलायच्या.

शेवटी कुंदनने पाटलांच्या पाया पडून यंत्र एका दुपारपुरतं घरी आणलं. आईसमोर मांडी घालून बसला, तिचे दोन्ही तळवे कागदाने पुसले, कागद यंत्राखाली धरला. यंत्र गप्प. दिपमाला बाळाला घेऊन शेजारी आली आणि सासूपुढे धरून म्हणाली, "घ्या आई."

"बघ माय," कुंदन म्हणाला. "काही नाही. आता काहीच नाही."

प्रमिलाबाई बाळाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"हाई बी तूच सांगस ना," त्या म्हणाल्या.