सोमवार, बुधवार, शुक्रवार

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बत्तीस वर्षांची होते, ठाण्याच्या कोर्टात स्टेनो. आठवडाभर डाव्या हाताची बोटं बधिर होती, मग उजव्या डोळ्यापुढे धुरकट दिसायला लागलं. एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच नसांवरचं आवरण खातेय. बरं होणार नाही, थोपवता येईल. त्यासाठी आठवड्यातून तीनदा इंजेक्शन.

नवऱ्याला सुई बघवत नाही. बाबा म्हणाले, "मी येत जाईन."

बाबा डोंबिवलीत एका डॉक्टरांकडे चाळीस वर्षं कंपाउंडर होते. त्यांचा हात हलका, म्हणून बायका लहान मुलांना घेऊन त्यांच्यासाठी ताटकळत बसायच्या. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ते बस, मग रिक्षा करून ठाण्यात वर्तकनगरला आमच्याकडे यायचे. तीन मजले, लिफ्ट नाही. हात धुऊन फ्रिजमधली सिरिंज काढायचे आणि तळहातात धरून तिचा गारवा घालवायचे.

सुई टोचलेली कळायचीही नाही. कळायचं ते दोन तासांनी. दात वाजायला लागायचे, अंग ठेचून काढल्यासारखं दुखायचं. मांड्यांवर, पोटावर लाल चट्टे, त्यामुळे दरवेळी नवी जागा शोधायची. ताप येऊन जरा उतरेपर्यंत बाबा माझ्या कपाळावर गार पाण्याच्या घड्या ठेवत बसायचे.

पाच-सहा महिन्यांनी माझं बोलणं कमी झालं. केस विंचरायचाही कंटाळा येई. गॅलरीत उभी राहिले की नजर खालच्या फरशीवरच जायची आणि तिथून हलायची नाही. एवढा आजार म्हटल्यावर असं होणारच, असं सगळ्यांनी धरलं. मीही.

एका बुधवारी बाबा सिरिंज हातात धरून बसले होते. मी म्हणाले, "जिन्यात तुमची पावलं वाजली की मला मळमळतं. ताप घेऊन येता तुम्ही. नका येऊ."

ते म्हणाले, "आजचं घे. मग बघू."

त्या दिवशी पहिल्यांदा सुई टोचलेली कळली. रक्त आलं. त्यांनी कापूस दाबून धरला आणि मान वर केली नाही.

पुढच्या दोन दिवसांत त्यांनी नवऱ्याला डोंबिवलीला बोलावून मोसंब्यावर सुई टोचायला शिकवलं. नंतर ते आले नाहीत. म्हणजे मला तसं वाटत होतं. दोन महिन्यांनी नवरा म्हणाला, "बाबा येतात. खाली वॉचमनजवळ बसतात. तुझा ताप उतरला असं मी जाऊन सांगितलं की मग निघतात."

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला वाईटसुद्धा वाटलं नाही. त्याचीच मला भीती वाटली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मी गॅलरीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, या औषधाने काहींचं मन असं होतं, तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं. सुरुवातीला त्यांनी मला बजावलं होतं की नाही, आठवत नाही. इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, पुढे दुसरं औषध सुरू झालं, सहा महिन्यांतून एकदा सलाइनमधून. मन हळूहळू वर आलं. पाय मात्र नाही. मधल्या काळात मणक्यातल्या मज्जारज्जूवर आजाराचा नवा डाग आला होता. मी हातात काठी घेतली आणि काही महिन्यांनी नोकरी सोडली.

मग एका रविवारी डोंबिवलीला गेले. बाबा पेपर वाचत होते.

"बाबा, त्या दिवशी मी बोलले ते..."

"सुई देणाऱ्यावर पेशंट चिडतोच," ते म्हणाले. "चाळीस वर्षं ऐकलंय." थोडं थांबून म्हणाले, "तुझं लागलं मला. नाही कशाला म्हणू?"

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग काठी बाजूला ठेवायला लावली आणि दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. भिंतीला हात लावत मी गेले, परत आले.

"डावा घासतोय," ते म्हणाले.

"हो."

"आणि उजवा?"

"उजवा अजून बरा आहे."

त्यांनी मान हलवली आणि बसायला खुर्ची पुढे ओढली.