पट्टी वाळण्याआधी

"पापणी डोळ्याला चिकटली आहे," डॉक्टरसाहेब म्हणाले. "सिंब्लेफेरॉन." म्हणजे पापणीच्या आतली आणि डोळ्यावरची, दोन्ही जखमा एकमेकींत भरून एकजीव होणं. वडस काढल्यावर असं क्वचितच होतं म्हणे. ते क्वचितचं नेमकं माझ्याच वाट्याला आलं.

आम्ही मैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातले रंगारी. कापडावर ठसे मारणं हे माझं काम. उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने वडस, म्हणजे मांसाचा पातळ पडदा, बुबुळावर चढू लागला, म्हणून दवाखान्यात जाऊन तो कापून घेतला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज पट्टी सोडा, बोरिकच्या पाण्याने धुवा, डोळा चहूकडे फिरवा."

पण घरात शब्द चाले तो अण्णांचा, माझ्या वडिलांचा. गाठी मारून रंगवलेलं कापड पुरतं वाळल्याशिवाय आम्ही सोडत नाही. ओली गाठ सोडली की रंग पसरतो. मी पट्टीला हात लावला तर अण्णा कडाडले, "अय्यो, सुम्ने बस रे, गप! ओलं आहे. वाळल्याबगर सोडायचं नाही."

जखम वाळली, पट्टी सुटली, आणि डोळा उजवीकडे वळेना. तिकडे पाहिलं की एका ठशाचे दोन दिसत. वेलीला वेल जुळवायला गेलो आणि लुगड्याचा अख्खा काठ वाकडा छापला. माझं धाबंच दणाणलं. या हातांना दुसरं काही येत नाही.

पुन्हा दवाखाना, पुन्हा कापणं. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर केल्यामुळे दुखलं नाही, पण कात्रीचा आवाज ऐकू येत होता. बाहेर डॉक्टर अण्णांना म्हणाले, "यजमानरे, या वेळी चिकटलं तर डोळा कायमचा अडकेल." अण्णा खाली मान घालून उभे राहिले. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

डोळा बराचसा सुटला. अगदी टोकाला पाहिलं तर अजून दोन दिसतात. मग मी मानच वळवतो. ज्यांना वडस काढायचा आहे त्यांना एवढंच सांगेन, कितीही दुखलं तरी पट्टी रोज सोडा.

मला मात्र तेव्हा तो धीर होत नव्हता. दुसऱ्यांदा कापून घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी पट्टी दोन्ही हातांनी धरून बसलो. अण्णा शिकेकाईने हात घासून आले. नखांतली नीळ काही गेली नव्हती. त्यांनी माझे हात बाजूला केले.

"ओलंच आहे रे अजून," ते म्हणाले, आणि पट्टीची गाठ सोडली.